कोरियन मालिका बघायला सुरुवात करताना: पहिली कुठली, सेटिंग काय आणि गाडी कुठे अडते

‘एखादी चांगली कोरियन मालिका सांग ना’ असं विचारलं की समोरून दहा नावं येतात. त्यातली निम्मी पहिल्यांदा बघणाऱ्याच्या उपयोगाची नसतात. चाळीस मालिका पालथ्या घातलेल्या माणसाला जे थोर वाटतं, त्याच्या दुसऱ्या भागातच नवखा माणूस झोपतो आणि ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणून विषय संपवतो. दोष मालिकेचा नसतो आणि बघणाऱ्याचाही नसतो, चुकलेला असतो क्रम.

आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: मालिका निवडताना हिरो बघू नका, लांबी बघा आणि लेखक बघा. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेत लेखक मध्येच बदलला तरी कुणाला पत्ता लागत नाही. कोरियात नेहमीची १२ किंवा १६ भागांची मालिका बहुतेक वेळा एकच लेखक किंवा लेखिका पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिते, आणि जाहिरातीत तिचं नाव नटांइतकंच ठळक असतं. शेवट कितव्या भागात येणार हेही आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे इथे नटापेक्षा लेखकाचा भरवसा जास्त.

पायरी १: वेळेचा हिशेब

नेहमीच्या मालिकेचे भाग १६, एक भाग साधारण ७० मिनिटांचा. म्हणजे १,१२० मिनिटं, पावणेएकोणीस तासांना जरा कमी. शनिवार-रविवार रोज एक भाग बघितला तर आठ आठवडे लागतात. कोरियन टीव्हीवरही मालिका साधारण याच गतीने दाखवतात: आठवड्यातून दोन भाग, सलग दोन दिवस. सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शुक्रवार-शनिवार आणि शनिवार-रविवार अशा त्यांच्या जोड्या असतात. लेखनाची वीणही त्याच मापाची. विषम भागात गाठ पडते, सम भागाच्या शेवटी मोठा धक्का येतो, कारण त्यानंतर प्रेक्षकाला पाच दिवस थांबवून ठेवायचं असतं. म्हणून एका बैठकीत दोन भाग हे उत्तम माप आहे. रात्रभर जागून सहा भाग बघितले की तेच ते फ्लॅशबॅक खुपायला लागतात. ते फ्लॅशबॅक आठवडाभराने परत येणाऱ्या प्रेक्षकासाठी घातलेले असतात.

लांबीच्या बाबतीत दोन सापळे आहेत. काही जुन्या मालिकांपुढे ‘३२ भाग’ असं लिहिलेलं दिसतं, त्याने घाबरू नका. केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तीन मोठ्या वाहिन्यांना २०२१ च्या जुलैपर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी एका तासाच्या भागाचे दोन तुकडे केले आणि मधल्या फटीत जाहिराती बसवल्या. ते ३२ म्हणजे आपले १६च. दुसरा सापळा उलटा आहे: आठवड्याच्या शेवटी लागणाऱ्या कौटुंबिक मालिका ५० भागांच्या असतात आणि रोजच्या मालिका शंभरावर जातात. सुरुवात त्यांच्यापासून करायची नाही. सासू, इस्टेट, हरवलेली मुलगी हे सगळं त्यात आहे, पण ते तुम्हाला घरबसल्या मराठीतही मिळतं.

पायरी २: पहिली मालिका निवडा

आवडीप्रमाणे वाटा वेगळ्या आहेत, पण कुणाचीच आवड माहीत नसेल तर आम्ही ‘होमटाउन चा-चा-चा’ पुढे करतो. २०२१ ची मालिका, १६ भाग. सोलमधली दंतवैद्य समुद्रकाठच्या गावात दवाखाना थाटते, आणि गावात पडेल ते काम करणारा एक तरुण तिला पदोपदी भेटतो. खलनायक नाही, खून नाही, गावातल्या म्हाताऱ्या आजींची कामं नायक-नायिकेइतकीच जपून लिहिलेली. घरातल्या सगळ्यांसमोर लावली तरी रिमोट शोधायची वेळ येत नाही. एवढं सांगून ठेवतो की पंधराव्या-सोळाव्या भागात रुमाल लागतो.

प्रेमकथाच हवी, पण जरा मोठ्या पटावरची, तर ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’. दक्षिण कोरियातली उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे उत्तरेत पडते आणि तिथल्या सैन्याधिकाऱ्याच्या हाती लागते. कल्पना ऐकायला हास्यास्पद आहे. लेखिका पार्क जी-उन हिला ते ठाऊक आहे, त्यामुळे पहिले दोन भाग ती विनोदावरच चालवते. उत्तरेतल्या खेड्यातल्या बायका, जाणारी-येणारी वीज, चोरून विकला जाणारा दक्षिणेतला माल, यांसाठी ही मालिका बघावी. प्रेमकथा आहेच. नायक-नायिका झालेले ह्यून बिन आणि सोन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरोखर लग्न केलं, ही माहिती तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवणारच, म्हणून इथेच उरकून टाकली.

लांबलचक कथा डोक्यात ठेवायचा कंटाळा असेल तर ‘एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू’. ऑटिझम असलेली तरुण वकील आणि बहुतेक भागांत एक नवा खटला. मध्ये आठवडाभर खंड पडला तरी चालतं. २०२२ मध्ये ही ईएनए नावाच्या फारशा कुणी न बघणाऱ्या वाहिनीवर एक टक्क्याहून कमी प्रेक्षकसंख्येने सुरू झाली आणि शेवटी १७ टक्क्यांच्या वर गेली. जाहिरातीने ते झालं नाही, तोंडी शिफारशीने झालं. आमची तक्रार एकच: ऑटिझम असलेली प्रत्येक व्यक्ती अशी अचाट स्मरणशक्तीची असते असा समज ही मालिका पक्का करते.

गुन्हेकथा आवडणाऱ्यांनी थेट ‘सिग्नल’कडे जावं. २०१६, १६ भाग. एका जुन्या वॉकीटॉकीवरून २०१५ मधला पोलिस अधिकारी भूतकाळातल्या पोलिसाशी बोलू शकतो, आणि भूतकाळात काही बदललं की वर्तमानही बदलतं. यातलं एक प्रकरण ह्वासंग इथल्या खऱ्या खूनसत्रावर बेतलेलं आहे. मालिका आली तेव्हा तो गुन्हेगार सापडलेला नव्हता. २०१९ मध्ये डीएनएवरून त्याची ओळख पटली. बघताना साल कुठलं चाललंय याकडे लक्ष हवं. फोन हातात घेऊन बघायची ही मालिका नाही. शेवट मोकळा सोडलेला आहे, हे आधीच मान्य करून बसा.

कमीत कमी वेळात चव घ्यायची असेल तर ‘मूव्ह टू हेवन’: दहा भाग, २०२१. मेलेल्या माणसाची खोली आवरून त्याच्या वस्तू नातेवाइकांपर्यंत पोचवणारा मुलगा आणि तुरुंगातून सुटलेला त्याचा काका. ‘किंगडम’ तर सहाच भागांचा एक हंगाम आहे, जोसन या जुन्या राजघराण्याच्या काळात राजवाड्यातून पसरलेली चालत्याफिरत्या प्रेतांची साथ. रक्त चालत असेल तरच.

आणि पहिल्यांदा काय बघू नये? ‘माय मिस्टर’ आणि ‘रिप्लाय १९८८’. दोन्ही आमच्या यादीत सगळ्यात वर आहेत, म्हणूनच हे निक्षून सांगतोय. ‘माय मिस्टर’चे पहिले दोन भाग अंधारे आहेत, त्यात सावकाराच्या पोराने नायिकेला मारहाण करण्याचं दृश्य आहे, आणि मालिका आपल्याशी नेमकं काय बोलतेय हे चौथ्या भागापर्यंत उलगडत नाही. ज्याला कोरियन ऑफिसातली अदब आणि दारूच्या टेबलावरचे मानपान कळायला लागले आहेत, त्यालाच त्यातलं निम्मं दिसतं. ‘रिप्लाय १९८८’ वीस भागांची, आणि भाग सहज दीड तासाचे. सोलच्या एका गल्लीतली पाच घरं, पाच मुलं, एकाच्या घरचं कालवण दुसऱ्याच्या घरी पोचवणाऱ्या आया. चाळीत वाढलेल्या मराठी माणसाला ही मालिका ओळखीची वाटते, हे खरंच आहे. पण पहिल्या भागात एकदम वीस माणसं अंगावर येतात, आणि कोरियन नावं कानाला सवयीची नसतील तर कोण कुणाचा मुलगा यातच तासभर जातो. ही तिसरी किंवा चौथी मालिका ठेवा.

‘स्क्विड गेम’ बघून झालेल्यांसाठी एक सूचना: ती कोरियन मालिकांचा प्रातिनिधिक नमुना नाही. तिच्यामागोमाग तसंच काही शोधत गेलात तर हाताला थोडंच लागेल.

पायरी ३: कुठे बघायची आणि आधी काय बदलायचं

भारतात सर्वांत मोठा साठा नेटफ्लिक्सवर आहे. डिस्नेच्या कोरियन मालिका जिओहॉटस्टारवर येतात, काही प्राइम व्हिडिओवर, आणि हिंदीत डब केलेल्या बऱ्याच जुन्या मालिका अ‍ॅमेझॉन एमएक्स प्लेअरवर फुकटात मिळतात. यांशिवाय विकी नावाची सेवा आहे (विकिपीडियाशी तिचा संबंध नाही), ती आशियाई मालिकांसाठीच चालते. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर भारतातल्या मित्राने सांगितलेली मालिका तुमच्या नेटफ्लिक्सवर नसू शकते, कारण हक्क देशागणिक विकले जातात. मालिका काढूनही टाकतात. अर्ध्यात असताना शेवटच्या तारखेची सूचना दिसली तर आधी ती संपवा.

नाव शोधूनही सापडत नसेल तर नटाच्या नावाने शोधा. एकाच मालिकेला दोन-दोन इंग्रजी नावं असतात. सगळे जिला ‘गॉब्लिन’ म्हणतात ती कित्येक ठिकाणी ‘गार्डियन: द लोनली अँड ग्रेट गॉड’ या नावाखाली असते.

आता सेटिंग. पहिलं काम, पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. नेटफ्लिक्सवर ती प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये असते. कोरियन मालिकेत, विशेषतः टीव्हीएन वाहिनीच्या, भाग संपल्यासारखा वाटल्यावर एक छोटा प्रसंग येतो. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये नायक-नायिकेच्या जुन्या भेटीचे धागेदोरे अशा शेपटांमध्येच ठेवले आहेत. आपोआप पुढे जाणारा माणूस ते गमावतो आणि मग विचारतो, ‘हे कधी दाखवलं होतं?’

दुसरं काम, आवाज कोरियनच ठेवा. हिंदी डबिंग वाईट असतंच असं नाही, आणि घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी वाचणं अवघड जात असेल तर तोच मार्ग बरा. पण कोरियन अभिनय बराचसा आवाजात असतो: अर्धवट गिळलेलं वाक्य, दारू चढल्यावर लांबवलेला शेवटचा स्वर, रागात अचानक आलेली अदब. डबिंगमध्ये हे सगळं एका पातळीवर येतं. मराठी सबटायटलची आशा धरू नका. इंग्रजी घ्या, आणि दोन प्रकार दिसले तर ज्यापुढे ‘सीसी’ नाही तो घ्या. सीसीमध्ये दार वाजल्याचीही नोंद असते. टीव्हीवर अक्षरं बारीक वाटली तर खात्याच्या सेटिंगमध्ये आकार मोठा आणि मागे काळी पट्टी करता येते.

मारामारीच्या दृश्यात सुरी धूसर दिसली किंवा कुणाच्या हातातली सिगरेट पुसल्यासारखी वाटली, तर टीव्ही बिघडलेला नाही. कोरियन वाहिन्या चाकू आणि सिगरेट झाकतात. नेटफ्लिक्सने स्वतः काढलेल्या मालिकांत हे झाकणं नसतं. दारू मात्र कुठेच झाकत नाहीत, आणि ती अफाट असते. मुलांबरोबर बघणार असाल तर सुरुवातीचा वयाचा आकडा वाचा: कोरियात ७, १२, १५ आणि १९ अशा पायऱ्या आहेत. शाळेतली छळवणूक आणि आत्महत्या हे विषय १५ च्या मालिकांतही वारंवार येतात.

पायरी ४: कोण कुणाला काय म्हणतंय

नवखे अडतात ते इथे, आणि मराठी माणसाला इथेच फायदा आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळेच ‘यू’. कोरियनमध्ये मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याचा मान ठरतो. आदराने बोलण्याला जोंदेनमाल म्हणतात आणि एकेरीला बानमाल. दोन अनोळखी माणसं भेटली की आधी आदराने बोलतात, मग वय विचारतात, आणि मोठा कोण हे ठरलं की एकेरीवर यायचं का यावर वाटाघाटी होतात. प्रेमकथेत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही घटना असते, त्यावर अख्खा भाग चालतो. भांडणात धाकट्याने मोठ्याला एकेरीत बोलणं म्हणजे कानाखाली मारल्यासारखंच. सबटायटल तिथे नुसतं ‘व्हॉट डिड यू से?’ लिहून मोकळं होतं, आणि बघणाऱ्याला कळत नाही की एवढं चिडायला झालं काय.

यावर उपाय सोपा आहे: वाक्याचा शेवट ऐका. शेवटी ‘यो’ किंवा ‘निदा’ आलं तर आदर, तो गळला तर एकेरी. दोन भागांत कान तयार होतो. मग कधी अचानक ‘यो’ गळलं की आपसूक मान वर होते.

हाका लक्षात ठेवा, नावांपेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात. मुलगी मोठ्या भावाला किंवा वयाने मोठ्या मित्राला, प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणते, मोठ्या बहिणीला ‘उन्नी’. मुलगा मोठ्या भावाला ‘ह्यंग’ आणि मोठ्या बहिणीला ‘नूना’. म्हणजे हाक मारणाऱ्याप्रमाणे शब्द बदलतो. ‘अजोशी’ म्हणजे काका, अनोळखी मध्यमवयीन पुरुष; ‘अजुम्मा’ म्हणजे मावशी, आणि तिशीतल्या बाईला कुणी तसं म्हटलं तर पुढे भांडण होणार हे धरून चाला. शाळा-कॉलेज-ऑफिसात वरच्या वर्षाचा किंवा आधी रुजू झालेला तो ‘सनबे’. ऑफिसात नावाने हाक मारतच नाहीत, पदाने मारतात: टीम सांभाळणारा ‘तिमजांगनीम’, कंपनीचा प्रमुख ‘देप्योनीम’. नेटफ्लिक्सची सबटायटलं यांच्या जागी बहुधा नाव घालतात, त्यामुळे कानाला एक आणि डोळ्याला दुसरंच येतं. विकीवर सबटायटलं स्वयंसेवक लिहितात. ते ‘ओप्पा’, ‘ह्यंग’ तसेच ठेवतात आणि वर छोटी टीपही देतात. मालिका दोन्हीकडे असेल तर पहिल्या वेळी विकी बरं.

आडनाव आधी, नाव नंतर. ‘किम जी-हून’मध्ये किम आडनाव. पूर्ण नावापुढे ‘शी’ लागलं की ‘श्री.’सारखा परका आदर. जवळच्याने हाक मारताना नावाच्या शेवटी ‘आ’ किंवा ‘या’ जोडतात, म्हणून जी-हूनचा ‘जीहूना’ होतो. तो वेगळा माणूस नाही.

देहबोलीचं एकच दृश्य बारकाईने बघा: सोजू, म्हणजे तिथली नेहमीची दारू, ओतण्याचं. हिरवी बाटली, छोटे पेले. धाकटा दोन्ही हातांनी ओततो, मोठा एका हाताने. आपला पेला आपण भरत नाहीत. मोठ्यासमोर पिताना धाकटा मान बाजूला वळवून पेला हाताआड करतो. आता ‘माय मिस्टर’ किंवा ऑफिसवरची ‘मिसेंग’ लावा आणि पेला कोण कुणाचा भरतो, कोण मान वळवत नाही, कोण एकटाच स्वतःचा पेला भरतो याकडे लक्ष ठेवा. संवाद बंद केला तरी कंपनीतली उतरंड कळते.

पायरी ५: पैसे, घर आणि सनावळी

एक वॉन म्हणजे साधारण सहा पैसे धरा. मोठ्या रकमा कोरियन लोक ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘ओक’ म्हणजे दहा कोटी यांत मोजतात. एक ओक वॉन म्हणजे अंदाजे साठ लाख रुपये. श्रीमंत घरची आई नायिकेसमोर पाकीट सरकवते तेव्हा आत किती आहे याचा अंदाज यावा एवढ्यासाठी हे गणित.

घराची भानगड मराठी प्रेक्षकाला लवकर कळते. ‘जॉन्से’ म्हणजे मुंबईतलं हेवी डिपॉझिटच, फक्त फार मोठ्या आकाराचं: घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम मालकाकडे ठेवायची, साधारण दोन वर्षं महिन्याचं भाडं नाही, सोडताना सगळी परत. मालकाने पैसे बुडवले की माणूस रस्त्यावर. कितीतरी मालिकांचा पहिला भाग इथूनच सुरू होतो. गरीब नायिका गच्चीवरच्या एका खोलीत राहते, त्याहून गरीब माणूस अर्धतळघरात. गच्चीवरची खोली पडद्यावर फार छान दिसते. प्रत्यक्षात उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ, म्हणूनच ती स्वस्त.

सनावळी एवढीच पुरे: जोसन घराणं १३९२ ते १९१०, जपानी राजवट १९१० ते १९४५, कोरियन युद्ध १९५० ते १९५३, ग्वांगजूमध्ये लष्कराने नागरिकांवर केलेला गोळीबार मे १९८०, लोकशाहीसाठीचं आंदोलन जून १९८७, सोल ऑलिंपिक १९८८, आणि १९९७ चं आर्थिक संकट, ज्याला तिकडे ‘आयएमएफ’ एवढंच म्हणतात. ‘वडिलांचं आयएमएफमध्ये सगळं गेलं’ असं वाक्य आलं तर ते हेच. ऐतिहासिक मालिकांना ‘सागुक’ म्हणतात. त्या बघताना कोणता राजा खरा आणि कोणता बनवलेला एवढं आधी तपासून घ्या. या बाबतीत कोरियन प्रेक्षक भलताच कडक आहे: २०२१ मध्ये ‘जोसन एक्सॉर्सिस्ट’ ही मालिका इतिहासाची मोडतोड केल्याच्या संतापामुळे दोन भागांनंतर बंद करावी लागली. आपल्याकडे बखरीत नसलेल्या प्रसंगांवरून जे वाद पेटतात, त्याच जातीचं हे.

आणि तिसऱ्या मालिकेनंतर रामयन, म्हणजे कोरियन नूडल्स, खावंसं वाटणारच. बरीचशी कोरियन पाकिटं गोमांस किंवा मासळीच्या अर्काची असतात. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघून घ्या.

पायरी ६: चार भाग द्या, आणि घसरण ओळखा

कुठलीही मालिका चार भाग बघून मग ठरवा. पहिल्या भागावर पैसा ओतलेला असतो: परदेशातलं चित्रीकरण, अपघात, पाठलाग. ते सगळं प्रेक्षक ओढण्यासाठी. दुसऱ्यात पात्रं गोळा होतात. मालिकेचा खरा सूर तिसऱ्या-चौथ्यात लागतो. चौथा संपल्यावर पुढे काय होईल याची उत्सुकता नसेल तर खुशाल सोडा, सोळावा भाग तुमचं मन बदलणार नाही.

सोळा भागांच्या मालिकेत नवव्यापासून बाराव्यापर्यंत गती मंदावते. नायक-नायिका एकत्र आलेले असतात आणि लेखकाकडे अजून कितीतरी तास भरायचे असतात. मग बालपणी ते एकदा भेटले होते असं निघतं, जुनी प्रेयसी परदेशातून उतरते, किंवा ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत एकजण दुसऱ्याला सोडून जातो. हा शेवटचा प्रकार चौदाव्या भागाच्या आसपास जवळपास नेमाने येतो, आणि चाहते त्यावर वर्षानुवर्षं बोटं मोडत आले आहेत. शेवटच्या भागात ‘एक वर्षानंतर’ अशी पाटी येते. चांगला लेखक हे सगळं वापरतो, पण त्यामागे पात्राचा स्वभाव उभा करतो. वाईट लेखक ट्रक आणतो. रस्ता ओलांडताना पात्र मध्येच थांबलं आणि पांढरा उजेड पडला की समजून जा. म्हणून अलीकडे मालिका १२ भागांवर येऊ लागल्या आहेत हे आम्हाला बरंच वाटतं.

२०१८ पूर्वीच्या मालिकांत घसरणीला आणखी एक कारण होतं. प्रक्षेपण चालू असताना चित्रीकरण चालायचं, संहितेची पानं त्या दिवशीच्या चित्रीकरणाला ऐन वेळी हातात पडायची, आणि प्रेक्षकसंख्या वाढली की भागही वाढवायचे. शेवटच्या भागांत नटांचे डोळे सुजलेले दिसतात ते रडूनच असतील असं नाही. २०१८ च्या जुलैपासून आठवड्याला ५२ तासांची कामाची मर्यादा लागू व्हायला लागली, आधी चित्रीकरण संपवून मग दाखवण्याची पद्धतही वाढली, आणि शेवट सावरले. जुन्या मालिका बघूच नका असं नाही. त्यांचा शेवट जरा सांभाळून घ्या इतकंच.

मध्येच सगळेजण एका ठरावीक सँडविचच्या दुकानात जमले आणि एकजण वेटरला पावाचा प्रकार सविस्तर सांगू लागला, तर ती कथा नव्हे, जाहिरात. सबवे हे दुकान इतक्या मालिकांत दिसतं की चाहत्यांनी त्याचा खेळ केला आहे. ३० सेकंद पुढे ढकला, काही बुडत नाही.

‘मकजांग’ हा प्रकार मात्र वेगळ्या मनाने बघायचा. जन्मरहस्यं, सूड, मेलेली माणसं परत येणं, सगळं मुद्दामच हाताबाहेर. ‘द पेंटहाउस’ हे त्याचं ठळक उदाहरण. तर्क शोधलात तर डोकं दुखेल. २०१४ च्या एका सकाळच्या मालिकेत सासूने जावयाच्या थोबाडीत किमची (आंबवलेला कोबी) मारल्याचं दृश्य आहे, ते आजही कोरियात हसून आठवतात.

पायरी ७: दुसरी मालिका

पहिली आवडली की तिच्या नटाची पुढची मालिका शोधायचा मोह होतो. त्याऐवजी लेखकाची शोधा. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ आवडली तर पार्क जी-उनचीच ‘क्वीन ऑफ टिअर्स’. ‘सिग्नल’ आवडली तर किम उन-हीची ‘किंगडम’. ‘माय मिस्टर’ भिडली तर पार्क हे-यंगची ‘माय लिबरेशन नोट्स’, जी त्याहूनही संथ आहे आणि पावसाळ्यात बघायची आहे. मोठे संवाद आणि चकचकीत प्रसंग आवडत असतील तर किम उन-सुक: ‘गॉब्लिन’, ‘मिस्टर सनशाइन’, ‘द ग्लोरी’. आम्हाला तिची नायिका सूड घेताना जास्त पटते, प्रेमात पडताना कमी.

दिग्दर्शकाचा माग काढायचा तर एकच नाव घ्या, किम वन-सक. ‘मिसेंग’, ‘सिग्नल’, ‘माय मिस्टर’ आणि २०२५ ची ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स’ या चारही त्याच्या. शेवटची जेजू बेटावर घडते. समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बाईची मुलगी, तिचं लग्न, तिची मुलगी असा साठ-सत्तर वर्षांचा पट. नेटफ्लिक्सने ती दर शुक्रवारी चार-चार भाग अशी सोडली होती, आणि ती बघायचीही तशीच, चार भाग बघून आठवडाभर सोडून.

प्रेक्षकसंख्येचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा: केबल वाहिनीवरचे १० टक्के आणि केबीएसवरच्या वीकएंडच्या मालिकेचे २० टक्के यांची थेट तुलना होत नाही. केबीएसची मालिका घरोघरी जेवताना चालूच असते.

चालू असलेली मालिका धरायची असेल तर कोरिया आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिकडे रात्री सव्वानऊला लागणारा भाग म्हणजे आपली संध्याकाळची पावणेसहा. पण सबटायटलसह तो नेटफ्लिक्सवर यायला आणखी काही वेळ जातो, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतरचा बेत धरा. मधल्या पाच दिवसांत यूट्यूबकडे जाऊ नका. पुढच्या भागाची झलक आणि कापलेले प्रसंग तिथे मथळ्यातच रहस्य फोडून टाकतात, आणि मालिकेचं नाव एकदा शोधलं की ते तुम्हाला न मागता दिसायला लागतात.